सावित्री खोऱ्यातील पाऊस-निरीक्षण आणि हॅम रेडिओ : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी

महाडच्या बाजारपेठेतील एका दुकानाच्या माळ्यावर आज आम्ही नऊ जण बसलो. वर चढताना जिन्याच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या पाण्याची रेघ दिसते; दुकानदाराने नंतर सगळा जिना रंगवला, पण तेवढा पट्टा मुद्दाम सोडला. त्यामुळे बैठकीला वेगळे प्रास्ताविक लागले नाही. त्या वेळी वीज गेली, पाठोपाठ फोन गेले, आणि वर पोलादपूरच्या अंगाला काय कोसळत आहे हे तिथल्या माणसांना डोळ्यांसमोर दिसत असूनही खाली कळवण्याचा मार्ग उरला नाही. आमच्या कामाचा हेतू एवढाच ठरला की खोऱ्याच्या वरच्या भागात पडलेल्या पावसाचा आकडा, फोन चालू असोत वा नसोत, खाली महाडला वेळेवर पोहोचावा.

रडार असताना बाटलीत पाणी मोजत बसण्याचे कारण काय, असा रास्त प्रश्न एका तरुण सदस्याने विचारला. त्याचे उत्तर फळ्यावर गणित मांडून दिले. कुलाब्याचे रडार इथून हवाई अंतराने सुमारे ११० किलोमीटरवर आहे. त्याचा सर्वांत खालचा झोत क्षितिजापासून अर्धा अंश वर धरला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे आमच्या डोक्यावर येईपर्यंत तो जवळपास १७०० मीटर उंचीवर पोहोचलेला असतो. सह्याद्रीच्या भिंतीला अडून त्या उंचीखालीच बरसणाऱ्या ढगांचे त्याला नीट मोजमाप घेता येत नाही. दुसरे कारण पावसाच्या लहरीचे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. एका केंद्राच्या आकड्यावरून शेजारच्या खोऱ्याचे अनुमान काढणे किती फसवे असते, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

एक मर्यादा आजच लिहून ठेवली. आम्ही इशारा देणार नाही. इशारा देणे हे हवामान खात्याचे आणि जिल्हा प्रशासनाचे काम आहे. आम्ही फक्त पाहिलेले आणि मोजलेले कळवणार. दोन सदस्यांना ही मर्यादा पटली नाही, आणि त्यांचा आक्षेप इथे नोंदवतो: दारात पाणी येत असताना शेजाऱ्याला सावध करायचे नाही का? शेजाऱ्याला जरूर सांगावे. रेडिओवरून गावाला सांगू नये.

२५ फेब्रुवारी

परवान्यांची मोजदाद केली. खोऱ्यात आणि घाटमाथ्यावर मिळून आमच्यात तीनच परवानाधारक हॅम, म्हणजे परीक्षा देऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारे, आहेत: महाडात मी, पोलादपूरला वायरमनचे काम करणारे एक गृहस्थ आणि महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची शेती करणारे तिसरे. उरलेल्यांपैकी चौघांनी परीक्षेची तयारी सुरू केली आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते आणि प्रतिबंधित श्रेणीसाठी, म्हणजे परवान्याच्या सुरुवातीच्या पायरीसाठी, मोर्स संकेतांची अट नाही, हे ऐकून आमच्यातील शिक्षिका बाईंनी शाळेतल्या दोन मुलींची नावे लगेच दिली. तरी परीक्षा, निकाल आणि परवाना हे सगळे या पावसाळ्याआधी हाती येईल असे धरून आखणी करणे चूक ठरेल.

म्हणून रचना दोन पायऱ्यांची ठेवली. निरीक्षक मोजतील आणि चिठ्ठी लिहितील. फोन चालू असेल तर फोनने, नसेल तर माणूस पाठवून ती चिठ्ठी जवळच्या परवानाधारकाकडे जाईल. रेडिओवर बोलेल तो परवानाधारकच. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत विनापरवाना बोलता येते, मग तेच संच का घेऊ नयेत, ही सूचना आली. परंतु त्या लहरींना हवा असलेला लांबलचक अँटेना घेऊन घाटात फिरणे अवघड, आणि मिळणाऱ्या जुन्या संचांचा भरवसाही नाही, म्हणून ती बाजूला ठेवली.

इतरांचे निरोप पोहोचवण्याबाबतचे नियम वाचून दाखवले. नेहमीची दळणवळण यंत्रणा आपत्तीत बंद पडली असता सक्षम नागरी अधिकाऱ्यांचे निरोप हॅमने पोहोचवणे नियमांत बसते. गावकऱ्यांच्या खासगी निरोपांची टपाल-सेवा चालवणे बसत नाही. यासाठी प्रशासनाचे लेखी पत्र आधीच हाती असावे, असे ठरले. (पुढे जोडलेली टीप: हा अर्ज एका कार्यालयात सात आठवडे पडून राहिला. शेवटी पत्र मिळाले, पण त्यात ‘हॅम’ऐवजी ‘होम रेडिओ’ असे छापले होते. आम्ही ते तसेच फाइलला लावले.)

एक जुनी हकिकत सांगितली, कारण तिचा आमच्या वेळापत्रकाशी संबंध आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा हॅम चमू अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी उभारलेले तेच केंद्र निरोपांच्या कामाला लागले. अँटेना आधीच उभा होता आणि माणसे रोज त्यावर बोलत होती, म्हणून ते जमले. त्यावरून आम्ही दर रविवारी सकाळी पावणेनऊला हजेरी घेण्याचे ठरवले, मग पाऊस असो वा ऊन.

१७ मार्च

दिवसभर डोंगरात हिंडून २ मीटर पट्ट्याची, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची, चाचणी घेतली. निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वाईट आहेत आणि एका बाबतीत चांगले. पोलादपूर ते महाड हे अंतर रस्त्याने फार नाही. पण हातातील ५ वॅटच्या संचावरून थेट बोलताना मधली डोंगरांची सोंड आवाज पार गिळते. दासगाव ते महाड स्वच्छ ऐकू येते. बिरवाडीकडून, म्हणजे काळ नदीच्या बाजूने, छतावरून बोलल्यास चालते. अंगणातून बोलल्यास नाही. आणि महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावरून मात्र महाड व पोलादपूर दोन्ही ठिकाणी आवाज शेजारच्या खोलीत बोलावे तसा येतो. हवाई अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु मध्ये आडवे काही नाही.

याचा अर्थ पोलादपूरचा आकडा महाडला यायचा तर आधी घाटमाथ्यावर चढणार आणि तिथून खाली उतरणार. स्वयंचलित रिपीटर, म्हणजे ऐकलेले आपोआप पुढे पाठवणारे यंत्र, बसवण्याइतके पैसे आणि परवानगी या वर्षी आमच्याकडे नाही. तेव्हा माथ्यावरचे शेतकरीच आमचे रिपीटर. त्यांनी ऐकावे, लिहावे, परत वाचून दाखवावे आणि पुढे द्यावे. याला वेळ जास्त लागतो. पण मध्ये एक शहाणा कान असतो, हा फायदा यंत्रात नाही.

केंद्रांना कामाची नावे दिली: माथा (महाबळेश्वर), घाट (पोलादपूर), काळ (बिरवाडी), बाजार (महाड) आणि खाडी (दासगाव). कायद्याने परवान्यासोबत मिळालेले आपापले संकेतचिन्ह सांगावे लागतेच. पण घाईच्या वेळी ‘घाटकडून बाजारला’ असे म्हटले की कोण कुठून बोलतो आहे ते निरीक्षकांनाही कळते. सगळ्या केंद्रांवर परवानाधारक नाही, त्यामुळे काळ आणि खाडी ही तूर्त चिठ्ठीची केंद्रे आहेत.

बाजार केंद्राचा अँटेना घरीच केला: तांब्याच्या तारेचा पाव तरंगलांबीचा उभा तुकडा, ४९ सेंटिमीटर, आणि खाली तिरप्या चार तारा. खर्च किरकोळ. चूक मात्र माझ्याकडून झाली. गच्चीपासून टेबलापर्यंत हाताशी असलेली वीस मीटर आरजी-५८ जातीची बारीक केबल टाकली. या वारंवारतेला तेवढ्या केबलमध्ये सुमारे ४ डेसिबल शक्ती वाया जाते. म्हणजे संचातून निघालेल्या ५ वॅटपैकी अँटेनापर्यंत २ वॅट जेमतेम पोहोचतात. जाड केबलसाठी वर्गणी काढावी लागेल.

७ एप्रिल

खोऱ्यातील बोलणे जमले तरी जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग आहे, आणि ते इथून हवाई अंतराने सुमारे ८५ किलोमीटर. मध्ये डोंगरांच्या रांगा असल्याने २ मीटरवर आशा नाही. म्हणून ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटरचा पट्टा, वापरून पाहिला. यासाठी अँटेना उंच न लावता मुद्दाम खाली लावतात, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. वीस मीटर लांबीची आडवी तार जमिनीपासून पाचच मीटरवर ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावर, म्हणजे उंच आकाशातील विद्युत्भारित थरावर, आपटून छत्रीसारख्या खाली पसरतात, आणि मधला डोंगर कितीही उंच असला तरी त्यांच्या वाटेतच येत नाही. दुपारी तीन वाजता अलिबाग आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या हॅमनी आमचा आवाज घेतला.

रात्री साडेनऊला अलिबाग नाहीसे झाले. दूरचे केरळ मात्र ऐकू येत राहिले. सूर्य मावळल्यावर आयनांबर विरळ होते आणि सरळ वर गेलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत न फिरता आरपार जातात, हे पुस्तकात वाचले होते. ते घरच्या गच्चीवर अनुभवले. रात्रीसाठी ८० मीटरचा पट्टा हवा, त्याला चाळीस मीटर तार हवी, आणि तेवढी आमची गच्ची नाही. शेजारच्या वाडीतील माडाला दुसरे टोक बांधण्याची परवानगी मागितली आहे. ‘तारेमुळे नारळ गळणार नाहीत ना?’ एवढीच मालकिणीची शंका होती.

बॅटरीचा हिशेबही आज केला. संच नुसता ऐकत ठेवला तर अर्धा अँपिअर, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. तासात सहा मिनिटे बोलायचे धरले, १० वॅटला ४ अँपिअर, तर आणखी साधारण १० अँपिअर-तास. म्हणजे एकूण २२. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उपसू नये, या हिशेबाने एका दिवसाला ४४ लागतात. पूर दोन दिवस राहतो. म्हणून ४२ च्या दोन बॅटऱ्या घेतल्या, आणि त्या तळमजल्यावर न ठेवता माळ्यावर ठेवल्या. हे वाक्य मुद्दाम लिहितो आहे, कारण पहिल्या दिवशी त्या तळमजल्यावरच ठेवल्या होत्या.

५ मे

निरीक्षकांचे पहिले प्रशिक्षण. एकवीस जण आले. पोलीस पाटील, दूध घालणारे, शाळेतील बाई, दोन किराणा दुकानदार आणि नदीकाठी राहणाऱ्या एक आजी, ज्यांना सावित्रीच्या पाण्याच्या रंगावरून वर कोणत्या अंगाला पाऊस आहे ते कळते. त्यांचे म्हणणे लिहून घेतले. तपासून पाहायचे आहे.

सर्वाधिक वेळ ‘ढगफुटी’ या शब्दावर गेला. एका तासात एका लहान क्षेत्रावर १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस, हा हवामान खात्याचा निकष आहे. आणि आपल्याकडे छत्री उलटी झाली की ढगफुटी झाली असे सांगतात. ‘लय पाऊस’, ‘धो-धो’, ‘असा कधी बघितला नाही’ हे शब्द रेडिओवर बंद. त्याऐवजी सहा प्रश्नांची चिठ्ठी: कोण, केव्हा, कुठे, काय, किती, आणि कसे कळले. शेवटच्या प्रश्नाला दोनच उत्तरे चालतात, ‘स्वतः पाहिले’ किंवा ‘ऐकले’. ऐकलेली गोष्ट कमी प्रतीची नव्हे. पण ती पाहिलेली म्हणून पुढे गेली की दोन केंद्रांवरून आलेली एकच अफवा पुरावा म्हणून उभी राहते.

चोवीस तासांचा हिशेब सकाळी साडेआठला संपतो, हेही घोटून घ्यावे लागले. २३ जुलै २०२१ च्या नावावर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. प्रत्यक्षात तो २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. तारखेचा हा घोळ न समजल्यास पाऊस आणि पूर यांचा ताळमेळ कधीच बसत नाही.

दरडीची लक्षणे शेवटी घेतली. २००५ मध्ये जुई आणि दासगाव, २०२१ मध्ये तळिये, ही नावे या तालुक्यात सांगावी लागत नाहीत. उतारावर नवी भेग, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक होती. एक लक्षण नवीन वाटले: जोराच्या पावसात पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी अचानक कमी होणे. पाणी कमी झाले म्हणून बरे वाटते. पण वर काहीतरी अडले असेल, तर अडलेले सगळे एकदम खाली येते.

२६ मे

सहा पर्जन्यमापक बसवले. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचे नरसाळे, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला २० मिलिलिटर पाणी. झाडांपासून आणि पागोळ्यांपासून दूर, कड समतल. एका ठिकाणी घरमालकांनी ते तुळशी वृंदावनाशेजारी बसवण्याचा आग्रह धरला. जागा मोकळी असल्याने हरकत नव्हती, फक्त रोज सकाळी तुळशीला घातलेले पाणी त्यात जाऊ नये, एवढे सांगून ठेवले.

९ जून

हजेरी. माथा: शून्य. घाट: शून्य. काळ: शून्य. खाडी: चार. शून्य कळवायला लाज वाटते असे दोघे म्हणाले. शून्य आणि ‘उत्तर नाही’ यांत फरक आहे, आणि तो शून्य कळवल्याशिवाय दिसत नाही.

२१ जून

पहिला मोठा पाऊस आणि पहिली फजिती. घाट केंद्राने सकाळी १०० मिलिमीटर कळवले. काळनेही १०० कळवले. दोन्हीकडे नेमका सारखा आकडा येताच शंका आली. नरसाळ्याखाली दोन लिटरची बाटली ठेवलेली होती. दोन लिटर म्हणजे बरोबर १०० मिलिमीटर. त्यापुढचा सगळा पाऊस काठावरून वाहून गेला होता. कोकणात बसवण्याच्या मापकाखाली एवढी बाटली ठेवण्यापूर्वी कोणीतरी भागाकार करायला हवा होता, आणि तो कोणीतरी मीच होतो. दोन्ही नोंदी ‘१०० पेक्षा जास्त, नेमके अज्ञात’ अशा दुरुस्त केल्या. दहा लिटरचे कॅन आणले आणि मोठ्या पावसात दर तीन तासांनी रिकामे करून मोजण्याचा नियम केला.

२३ जून

दुसरी फजिती, तीही आकड्याचीच. घाटकडून माथ्याने घेतलेला आकडा ‘एकोणसत्तर’ होता. माझ्या वहीत ‘एकोणसाठ’ उतरला. पावसाच्या खरखरीत ‘एकोण’ स्वच्छ ऐकू आले आणि पुढचे सगळे बुडाले. मराठीतील संख्यांची ही गंमत शाळेत पाठ करताना कळते, पण तिची किंमत रेडिओवर कळते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत ओळख पटवणारा भाग शब्दाच्या शेवटी असतो आणि शेवटच आधी विरतो. बासष्ट आणि बहात्तरचेही तेच. आजपासून प्रत्येक आकडा अंक सुटे करून सांगायचा: ‘सहा, नऊ, एकोणसत्तर’. ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज वहीत शाई लावायची नाही. अंक आणि शब्द दोन्ही सांगण्याचा आग्रह शिक्षिका बाईंचा. धनादेशावर दोन्ही लिहितोच की, असे त्यांचे म्हणणे.

७ जुलै, रात्री उशिरापर्यंत

दुपारी साडेचारनंतर पोलादपूरच्या बाजूचे फोन लागेनासे झाले. पाच वाजता दूध घालणारे गृहस्थ भिजलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घाट केंद्रावर घेऊन आले. आमचे रेडिओचे जाळे प्रथमच खऱ्या गरजेने उघडले.

१७:१०. घाट: दुपारी दोन ते पाच, आठ-आठ, अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, स्वतः मोजले. माथा: त्याच तीन तासांत सहा-दोन, बासष्ट, धुक्यामुळे दहा पावलांपलीकडे दिसत नाही.

१७:२५. दोन्ही आकडे तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात हस्ते दिले. तिथला महाडमधला फोन चालू होता. त्यांना पोलादपूरकडून काही कळत नव्हते, त्यामुळे चिठ्ठीचे स्वागत झाले.

१८:४०. माथ्याचा आवाज एकाएकी क्षीण झाला. मार्चमध्ये शेजारच्या खोलीतून यावा तसा येणारा आवाज आज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. पावसाने एवढा फरक या वारंवारतेला पडत नाही, हे माहीत असल्याने कारण कळेना. बिरवाडीच्या छतावर एक परीक्षा उत्तीर्ण पण परवान्याची वाट पाहणारा मुलगा ऐकत होता. त्याला माथा उत्तम ऐकू येत होता, पण त्याला बोलता येत नाही. त्याने फोनवरून मला आकडे दिले. नियम मोडला नाही आणि कामही झाले. बिघाड माझ्याच बाजूला आहे, हे त्यावरून उघड झाले.

२०:१५. घाट: पाच ते आठ, चार-एक, एकेचाळीस. पाऊस उतरतो आहे.

भरतीचा प्रश्न यानंतर. नुकतीच ज्येष्ठ अमावस्या होऊन गेल्याने उधाण होते. खाडी केंद्राच्या काकांनी कोळ्यांचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट. आज द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. समुद्राला रात्री दीडच्या सुमारास भरती, आणि बाणकोटपासून खाडीने वर दासगावपर्यंत चढायला आणखी वेळ. वरून उतरणारे पाणी आणि खालून चढणारी भरती यांची गाठ कोणत्या वेळी पडते, यावर महाडची रात्र ठरते. सावित्रीची इथली इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर आहे. शासकीय मोजपट्टी पाहण्याचे काम आमचे नाही, म्हणून आम्ही आमच्या खुणेवर, महाडच्या नदीकाठच्या पायऱ्यांवर, लक्ष ठेवले.

२१:००. सात पायऱ्या मोकळ्या. २३:००. चार. ००:३०. तीन. ०२:००. दोन. ०३:३०. दोन. ०४:३०. चार.

०४:४५ ला जाळे बंद केले. पाणी बाजारपेठेत आले नाही.

९ जुलै

परवाच्या वहीवरून पाहता, घाट केंद्रावरील पावसाचा जोर ओसरल्यानंतर महाडच्या पायऱ्यांवरील पाणी चढायचे थांबायला सहा तासांहून अधिक लागले. पण यात भरतीचा वाटा किती आणि डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याच्या प्रवासाचा किती, हे एका रात्रीवरून सांगता येणार नाही. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांतला असाच पाऊस मिळाला तर दोन्ही वेगळे करता येतील. एका सदस्याने ‘आपल्याकडे आता सहा तासांचा इशारा आहे’ असा संदेश मोबाइलवर फिरवला होता. तो मागे घ्यायला लावला. अकरा फेब्रुवारीची नोंद त्यांना पुन्हा वाचायला दिली, त्याचा त्यांना राग आला आहे.

नदीकाठच्या आजींचा रंगाचा ठोकताळाही पाहिला. त्यांनी संध्याकाळी सहाला ‘लाल पाणी, काळ नदीच्या अंगाचे’ असे सांगितले होते. काळ केंद्राचा त्या दुपारचा पाऊस घाटच्या निम्माही नव्हता. एकदा चुकले म्हणून सोडून देत नाही. वहीत वेगळा रकाना केला आहे.

२२ जुलै

हजेरी नेहमीप्रमाणे. माथा एक-एक-आठ, घाट नऊ-चार, काळ सहा-शून्य, खाडी पाच-दोन. दुसरे काही बोललो नाही.

४ ऑगस्ट

सकाळी सव्वासातला शिक्षिका बाईंचा निरोप: शाळेमागच्या पऱ्याचे पाणी पाऊस चालू असताना अर्ध्याने कमी झाले आहे, स्वतः पाहिले, सात वाजता. ‘मला वाटते’ किंवा ‘बहुतेक’ असा एकही शब्द त्यांच्या चिठ्ठीत नव्हता. नियंत्रण कक्षाला कळवले. बाईंनी स्वतः शाळा उघडली नाही आणि खालच्या चार घरांना उठवले, जो शेजारधर्म आहे आणि आमच्या मर्यादेत बसतो. दुपारी तलाठी आणि गावकरी वर जाऊन आले. पडलेले झाड, त्याला अडकलेला पालापाचोळा आणि दगड, मागे कमरेइतके पाणी. सावकाश वाट करून दिली. दरड नव्हती. संध्याकाळी कोणीतरी ‘उगाच घाबरवले’ म्हणाल्याचे बाईंनी कळवले. मी त्यांना फोन करून सांगितले की मेमध्ये जे शिकवले होते ते जसेच्या तसे अमलात आणणारी ही हंगामातील पहिली चिठ्ठी आहे. (पुढे जोडलेली टीप: यापुढचे दोन दिवस त्या घरांनी स्वतःहून पऱ्यावर पाळी लावली होती.)

परवाच २ ऑगस्ट होऊन गेला. २०१६ मध्ये त्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या गॅरेजमधील माणसाने ते पाहून कळवले. निरीक्षक म्हणजे काय असे कोणी विचारले की मला तो माणूस आठवतो. त्याच्याकडे मापक नव्हते, चिठ्ठी नव्हती.

१५ सप्टेंबर

विजांचा मोसम परत येतो आहे, म्हणून सुरक्षेची उजळणी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे; त्या क्षणी केबल संचातून काढून खिडकीबाहेर ठेवायची आणि केंद्र बंद करायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप सगळ्यांच्या फोनवर घालून घेतले. गच्चीवर उंच धातूची नळी उभारून तिच्या टोकाशी तारेने जोडलेल्या खोक्याला कान लावून बसणे, हे वादळात करण्यासारखे काम नाही. निरोप अडला तरी चालेल.

२० ऑक्टोबर

मापक उतरवले. तुळशीशेजारच्या नरसाळ्यात गांधीलमाशीचे पोळे निघाले. शेवटच्या दोन आठवड्यांचे तिथले आकडे खोडले.

बाजार केंद्राचा अँटेनाही उतरवला आणि ७ जुलैच्या क्षीण आवाजाचे कारण सापडले. अँटेनाच्या मुळाशी असलेल्या जोडावर मी चिकटपट्टी वरून खाली गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहिली आणि पाणी तिच्यात मुरत गेले. कौले खालून वर का रचतात हे ज्याला ठाऊक आहे त्याने अशी चूक करू नये. जोड उघडल्यावर आतून चहाच्या रंगाचे पाणी टेबलावर सांडले. केबल दीड मीटर मागे कापली, तरी तांब्याची जाळी काळीच निघाली. आणखी दोन मीटर कापली, तेव्हा चकाकणारे तांबे दिसले. उरलेली साडेसोळा मीटर केबल काळ केंद्रासाठी बाजूला ठेवली आहे. तिथल्या मुलाचा परवाना गेल्या आठवड्यात आला.